अर्ध्या वाटेवर उतरणाऱ्यांचे विमान

प्रवास या शब्दात एका स्थळाहून निघून दुसऱ्या स्थळी पोहोचणे गृहीत धरलेले असते, आणि वाहनाने प्रवाशाला त्या दुसऱ्या स्थळापर्यंत धड नेऊन सोडावे, ही अपेक्षा बैलगाडीपासून आगबोटीपर्यंत सर्वांना सारखीच लागू आहे. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन या शहरात मात्र असे एक विमान घडवण्यात आले, की ज्याच्या उतारूंनी जिथून निघाले तिथेच परत यायचे असते, आणि तेही विमानाविना. पॅसिफिक एरोस्पेस या कारखान्याच्या या विमानाचे नाव ‘७५० एक्सएल’. त्याचे पहिले उड्डाण ५ सप्टेंबर २००१ रोजी झाले. उडत्या विमानातून बाहेर पडून काही काळ मोकळे कोसळायचे आणि मग पॅराशूट उघडून जमिनीवर यायचे, या स्कायडायव्हिंग नावाच्या खेळासाठीच त्याची आखणी झाली होती. तोवर हा खेळ परक्या विमानांवर भागत असे. कॅनडाचे ट्विन ऑटर, स्वित्झर्लंडचे पिलाटस पोर्टर, अमेरिकेचे सेस्ना कॅरॅव्हॅन ही सारी माल आणि माणसे मुक्कामी पोहोचवण्यासाठी केलेली विमाने. थोरल्याचा सदरा धाकट्याला बाह्या दुमडून घालावा, तशी ती खुर्च्या काढून उडीकरूंना दिली जात.

या विमानाची वंशावळ पाहिली, तर ते शेतकऱ्याच्या घरचे निघते. न्यूझीलंडच्या डोंगरउतारांवरील कुरणांना स्फुरदाची म्हणजे फॉस्फरसची वाण असते आणि त्या उतारांवर खताची गाडी चढत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे विमानातून सुपरफॉस्फेट टाकण्याची पद्धत रुजली. या कामासाठी अमेरिकेत आखलेले फ्लेचर नावाचे विमान १९५४ मध्ये प्रथम उडाले आणि त्याचे सुटे भाग पुढे हॅमिल्टनमध्ये जोडले जाऊ लागले. वैमानिकाच्या पाठीमागे खताचे मोठे पिंप, टेकडीच्या माथ्यावरील गवताळ धावपट्टी, एक खेप टाकली की लगेच दुसरी भरायला हजर, असा त्याचा दिनक्रम होता. त्याचाच वारस क्रेस्को १९७९ मध्ये उडाला. त्याला टर्बोप्रॉप इंजिन होते, म्हणजे ज्यात तप्त वायूंच्या झोताने फिरणारे पाते पुढचा पंखा फिरवते असे. याच क्रेस्कोच्या अंगलटीवर रुंद धड बसवून ७५० एक्सएल सिद्ध झाले. नावातील ७५० हा आकडा त्याच्या कॅनडात बनलेल्या इंजिनाच्या अश्वशक्तीचा आहे.

येथे अभ्यासकाने क्षणभर थांबावे, कारण या घराण्याचे सारे तत्त्वज्ञान या बदलात दडलेले आहे. जड माल भरायचा, आखूड धावपट्टीवरून उचलायचा, हवेतच रिता करायचा आणि मोकळ्या अंगाने झटपट खाली यायचे, हे बापजाद्यांपासून चालत आलेले काम नव्या विमानाने तसेच चालवले. बदलला तो फक्त माल. इंजिनाच्या दृष्टीने सुपरफॉस्फेटचे पोते आणि सुट्टीवर आलेला पर्यटक यांत फरक नाही. फरक असलाच तर पोत्याच्या बाजूने आहे. ते चढण्यापूर्वी दोनदा विचारत नाही, आणि टाकतानाची चित्रफीत मिळेल का, अशी चौकशीही करत नाही.

हा माल जिथे रिता होतो, त्या टाउपो गावाला जाणारी वाट हॅमिल्टनहून वायकाटो नदीच्या उगमाकडे सुमारे दीडशे किलोमीटर जाते. नदी ज्या सरोवरातून निघते ते टाउपो सरोवर ज्वालामुखीच्या स्फोटाने खचलेल्या प्रचंड विवरात साचलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबई अख्खी बुडवून वर थोडे पाणी उरेल एवढे आहे. पायाखाली ज्वालामुखी, पुढे सरोवर आणि वर आकाश अशी तिहेरी सोय असलेल्या या गावात माणसे आपणहून पैसे भरून आकाशाची बाजू निवडतात, ही गोष्ट मानववंशशास्त्रज्ञांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. प्रवासाआधी उतारूचे वजन केले जाते, आणि काही बरेवाईट झाल्यास त्याची जबाबदारी कोणावर नाही, हे सांगणारा कागद त्याच्यापुढे सहीसाठी येतो. विवाहाच्या नोंदणीखेरीज इतक्या प्रसन्न मुद्रेने इतक्या गंभीर कागदावर क्वचितच सही होत असेल.

विमानाच्या आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की प्रवाशांच्या खुर्च्या नाहीत. सतरा उडीकरू मावतील अशा जागेत माणसे एकामागे एक, मागच्याच्या पायांमध्ये पुढचा अशा रीतीने रचली जातात. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाला ही बैठक ऐसपैस वाटेल, इतरांना सवय लागते. नवख्या उतारूला ‘टँडेम’ म्हणजे जोडउडी घ्यावी लागते, म्हणजे एकाच पॅराशूटखाली त्याची पाठ प्रशिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी जखडलेली असते. लग्नगाठ स्वर्गात बांधली जाते असे म्हणतात; ही गाठ वर जाताना विमानात आवळली जाते आणि जमिनीवर आल्यावर तत्काळ सुटते, हा तिचा विशेष. दार पंखाच्या मागे, डाव्या अंगाला असून ते दुकानाच्या शटरसारखे वर सरकते. कळसूबाईच्या दुपटीहून अधिक, म्हणजे बारा हजार फूट उंची गाठली की हे शटर उघडते, आणि दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक आत येते या व्यवहाराचा येथे नेमका उलटा प्रत्यय येतो.

वैमानिकाची खरी कसोटी इथे लागते. विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूभोवती त्याचे सारे वजन तोलले जाते ती जागा, ठरावीक मर्यादेत राहावी लागते. सगळी मंडळी एकदम मागच्या दाराशी लोटली तर शेपूट जड होऊन विमान नाक वर करू लागते. एसटीच्या पायरीवर लटकणाऱ्यांना ‘आत सरका’ म्हणून ओरडणारा कंडक्टर आणि हा वैमानिक यांची व्यथा एकच, फक्त वैमानिकाला उतारू बाहेर सरकायला हवे असतात, आणि तेही शिस्तीने. तो वेग कमी करतो, वाऱ्याचा अंदाज घेऊन जागा ठरवतो आणि खुणेचा दिवा लावतो. मग जोड्या थोड्या अंतराने बाहेर पडतात. जोडीचे वजन दुप्पट असल्याने वेग बेताबाहेर जाऊ नये म्हणून प्रशिक्षक मागे एक लहान छत्री सोडतो, आणि ताशी सुमारे दोनशे किलोमीटरच्या गतीने पाऊण मिनिटभर कोसळल्यावर मोठे पॅराशूट उघडले जाते. ते उघडायचे राहून गेलेच, तर ठरावीक उंचीखाली वेग पाहून राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्रही पाठीवर असते. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये तेरा हजार फुटांवरून नऊवारी साडी नेसून उडी घेतली. कासोटा घालण्यामागील आजीचा दूरदर्शीपणा ताशी दोनशे किलोमीटरलाही कमी पडला नाही, याची नोंद वस्त्रविद्येच्या इतिहासात व्हायला हवी.

उतारू तरंगत असताना रिकामे विमान अक्षरशः सुटते. जुन्या पिस्टन इंजिनांना वेगाने खाली आणले तर ती एकाएकी थंड होऊन तडकण्याची भीती असे. टर्बोप्रॉपला ती धास्ती नसल्याने वैमानिक नाक खाली करून धावपट्टीकडे झेपावतो आणि पुष्कळदा आपल्याच उतारूंआधी जमिनीवर पोहोचतो. सतरा माणसे वर सोडून साधारण पाव तासात परत, असे या विमानाचे गणित घातले गेले होते, कारण या धंद्यात विमान भरून जाते तेव्हा कमावते आणि रिकामे येते तेव्हा केवळ इंधन पिते.

या सगळ्या योजनेची परीक्षा ७ जानेवारी २०१५ रोजी टाउपो सरोवरावर झाली. वर चढत असतानाच एका ७५० एक्सएलचे इंजिन बंद पडले, तेव्हा विमान नेहमीच्या उंचीच्या किती तरी खाली होते. इतर कोणत्याही विमानात अशा वेळी घबराट उडाली असती. येथे सर्वांसाठी पॅराशूट होतेच, त्यामुळे सहा प्रशिक्षक आपापल्या सहा पाहुण्यांसह दारातून बाहेर पडले, आणि त्यांच्यामागून, ज्याने त्या दिवशी उडी मारण्याचा बेत मुळीच केला नव्हता, तो वैमानिकही बाहेर पडला. विमान एकटेच सरोवरात कोसळले. त्यात चढलेली माणसे तेरा होती आणि जमिनीवर सुखरूप उतरलेलीही तेरा.