कॅमेरा कारखान्यात न्या

प्रवासाचे व्हिडिओ पाहणाऱ्यांना नावं ठेवणं आता बंद करा. "मोबाईलवर पॅरिस बघून काय मिळतं, प्रत्यक्ष जायला हवं," असं म्हणणारा माणूस बहुधा स्वतः जाऊन आलेला असतो. ज्याला पासपोर्टच्या कचेरीत जायचं तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते, वर शेठची बोलणी खावी लागतात, त्याने जग कुठून पाहायचं? मोबाईलवरूनच पाहायचं. आणि तो पाहतोय, मन लावून पाहतोय. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण दाखवणाऱ्यांशी आहे.

असा पाहणारा कडोदरा चोकडीला भेटतो. हा चौक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरतेजवळ पलसाणा तालुक्यात कडोदरा हे गाव आहे आणि तिथे देशातले दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. 48 नंबरच्या रस्त्याने उत्तरेला गेलं की शेवटी दिल्ली, दक्षिणेला गेलं की मुंबई, पुणे, बंगळुरू करत चेन्नई. 53 नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला हजिऱ्याचा समुद्र. पूर्वेला बारडोली, व्यारा, नवापूर, धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर करत थेट ओडिशातलं पारादीप. भोवती साचेखाती (साचा म्हणजे माग), डाईंगच्या मिली, गोदामं. माणसं ओडिशाची, बिहारची, उत्तर प्रदेशची आणि आपल्या खानदेशातली. धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या गावांतून कुणी ना कुणी सुरतेला नाही असं घर शोधावं लागेल. सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोलीत तर अहिराणी रस्त्यावर ऐकू येते.

माझा मावसभाऊ याच पट्ट्यात साच्यावर आहे. पाळी बारा तासांची. साचेखात्यात शिरलं की पहिली काही मिनिटं काहीच सुचत नाही, इतका खडखडाट. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. म्हणून बोलणं हातांनीच होतं: तार (म्हणजे धागा) तुटली, बीम संपत आला, मास्टरला बोलाव, चहा आला. एक माणूस कितीतरी साचे सांभाळतो, एकाकडून दुसऱ्याकडे चालत राहतो. पैसे मीटरवर. तार तुटून साचा थांबला की त्याच्या हिशोबातले मीटर थांबले.

रात्रपाळी संपवून हा माणूस खोलीवर येतो, आंघोळ करतो, आडवा होतो आणि झोप लागेपर्यंत व्हिडिओ पाहतो. कोणते? ज्यात कुणीही बोलत नाही असे. एखादा माणूस कॅमेरा छातीशी धरून टोकियोच्या गल्लीतून नुसता चालतो. पाऊस पडतोय, छत्र्या दिसतायत, पावलांचा आवाज, सायकलची घंटी. तासतासभर एवढंच. आपल्याकडचे हौशी प्रवासी ज्याला "बोअर" म्हणतील, ते तो रोज पाहतो. बारा तास खडखडाट ऐकलेल्या कानांना काय हवं असतं, हे त्या कॅमेरावाल्याला कळलं असेल-नसेल, पण त्याने कुणाचं तरी भलं केलंय. आरडाओरडा करून "मित्रांनो, आज आपण आलोय" म्हणणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त.

एका सकाळी आम्ही दोघे लिऑनचा व्हिडिओ पाहत होतो. फ्रान्समधलं लिऑन. क्र्वा-रूस नावाची टेकडी, तिथल्या उंच इमारती, एका इमारतीतून दुसरीत निघणाऱ्या बोळकांड्या, एक सुंदर जिना, मग चीज, मग वाईन, मग सूर्यास्त. मावसभाऊ म्हणाला, "दादा, हाई बठ्ठं दखाडतस, पन काम करनारा कोठे ऱ्हातस?"

काम करणारे कुठे राहतात? त्या टेकडीवरच राहत होते. त्या इमारती इतक्या उंच का आहेत, खिडक्या एवढ्या मोठ्या का आहेत, हे व्हिडिओवाल्याने एका वाक्यात सांगितलं असतं तर साचेखात्यातला माणूस ताडकन उठून बसला असता. ती घरं विणकरांची होती. 1804 च्या सुमारास याच लिऑनमध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारं यंत्र तयार केलं. ते साच्याच्या माथ्यावर बसतं, त्यामुळे साचा उंच झाला आणि साच्यासाठी घराचं छत चारेक मीटरवर गेलं. तार नीट दिसावी म्हणून खिडक्या मोठ्या. म्हणजे घर माणसाच्या मापाने बांधलेलं नाही, साच्याच्या मापाने बांधलंय. माणूस वर पोटमाळ्यावर झोपायचा. साच्याशेजारी झोपणं म्हणजे काय, हे कडोदऱ्याच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

आणि जॅकार्ड म्हणजे काय हेही समजावायला नको. सुरतेत आज जॅकार्ड धडधडतायत. पत्ते जाऊन त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबे आले, पण यंत्र तेच, युक्ती तीच. नोव्हेंबर 1831 मध्ये लिऑनचे विणकर रस्त्यावर उतरले ते कशासाठी? कापडाच्या मजुरीचा किमान दर ठरवून द्या, ठरलेला दर पाळा, यासाठी. शहर काही दिवस त्यांच्या ताब्यात होतं. 1834 मध्ये पुन्हा उठले, तेव्हा सैन्याने रक्त सांडलं. व्हिडिओवाला ज्या बोळकांड्यांतून "किती रोमँटिक" म्हणत हिंडला, तिथून विणकर रेशमाचे गठ्ठे खांद्यावरून न्यायचे आणि बंडाच्या वेळी पळायचेही. मीटरचे पैसे वाढवा, ही मागणी जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे आणि ती लिऑनहून सुरतेपर्यंत तशीच्या तशी पोहोचली आहे. चीजची चव सांगायला चार मिनिटं होती. या गोष्टीसाठी चाळीस सेकंद नव्हते!

हा आळस आहे. लिऑनमध्ये विणकरांचं संग्रहालय आहे, तिथे साचा चालवून दाखवतात. क्र्वा-रूसवरच आहे. तिकीट काढा, आत जा, कॅमेरा साच्यावर धरा. एवढंच तर करायचंय.

प्रवास कसा करावा हे क्योटोच्या लोकांना विचारा. राजधानी टोकियोला गेली आणि क्योटोच्या निशिजिन भागातल्या विणकरांचं कंबरडं मोडलं. गिऱ्हाईक राजदरबाराचं, तेच गेलं. तेव्हा 1872 मध्ये तिथून तीन माणसं लिऑनला पाठवली. भाषा येत नाही, देश ठाऊक नाही, लांबचा बोटीचा प्रवास. ती माणसं साच्यांपुढे उभी राहिली, शिकली. दोघे जॅकार्ड घेऊन परत आले. तिसरा, योशिदा चुशिची, मागे राहून आणखी शिकत होता. 1874 मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ येऊन त्याचं जहाज बुडालं आणि तो गेला. निशिजिन मात्र तगलं. आज मराठी कुटुंबं क्योटोला जातात, निशिजिनमध्ये भाड्याचा किमोनो घालून व्हिडिओ करतात. जरूर करा. पण जिथे उभे आहात तिथल्या कापडासाठी एक माणूस समुद्राच्या तळाशी गेला, हे कुणी तरी सांगा ना.

दुबईचंही तेच. आपल्या मराठी व्हिडिओंमध्ये दुबई इतक्या वेळा येते की बुर्ज खलिफाच्या लिफ्टमध्ये कानांना दडे कधी बसतात हेही आम्हाला पाठ झालंय. त्याच शहरात कामगारांची मोठी वसाहत आहे. तिला कामगारांनी नाव दिलंय सोनापूर. तिथे हजारो भारतीय राहतात, बसेस भरून पहाटे कामावर जातात. वाळवंटातल्या सफारीसाठी अख्खी संध्याकाळ असते; सोनापूरच्या बस थांब्यावर दहा मिनिटं उभं राहायला कुणाला वेळ नसतो. तिथे मराठी बोलणारा माणूस भेटेल. त्याला विचारा, घरी किती पाठवतोस, खोलीत किती जण, सुट्टीला कधी गेला होतास. तो व्हिडिओ सोलापूरपासून सुरतेपर्यंत पाहिला जाईल. लोक डोळे पुसत पाहतील.

बरं, कॅमेरा कडोदऱ्याकडे फिरकतच नाही असं नाही. इथून जवळच अंत्रोलीला बुलेट ट्रेनचं सुरत स्थानक उभं राहिलंय. हिऱ्याच्या आकारावर बेतलेलं त्याचं रूप सगळ्या देशाने ड्रोनमधून पाहिलंय, पुन्हा पुन्हा पाहिलंय. खांब किती, गर्डर किती, किती टक्के काम झालं, सगळं. ड्रोन आकाशात चढतो, स्थानकाभोवती गिरकी घेतो. चौकटीच्या कडेला पत्र्याची लांबच लांब छपरं येतात आणि निघून जातात. ती साचेखाती आहेत. त्यांच्यावर ड्रोन थांबत नाही.

त्याआधी कॅमेरे आले होते ते 4 मे 2020 ला. कडोदऱ्याजवळच्या वरेली गावात हजारो कामगार रस्त्यावर आले. लॉकडाऊन सुरू होऊन सहा आठवडे होत आले होते, काम बंद, पैसे संपलेले, मागणी एकच: आम्हाला गावी जाऊ द्या. पोलिसांशी झटापट झाली, दगड आले, अश्रुधूर सोडला. त्या संध्याकाळी बातम्यांत कडोदऱ्याचं नाव आलं. मग कॅमेरे गेले. सुरतेतून कितीतरी माणसं चालत निघाली. प्रवासच होता तो. या पिढीने पाहिलेला सगळ्यात मोठा प्रवास. त्यातला फार थोडा भाग कुणी नीट टिपून ठेवला.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचा प्रवासी बरा, असं म्हणायची वेळ आलीय. तॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बारडोली, नवापूर, नंदुरबार करत बऱ्हाणपूरला गेला. नवापूरपर्यंत आजच्या 53 नंबरच्या रस्त्याचाच पट्टा. त्याने एका गावाहून दुसरं गाव किती कोस ते लिहिलं आणि नवापूरबद्दल लिहिलं की गाव विणकरांनी भरलेलं आहे, पण मोठा व्यापार तांदळाचा. तो हिऱ्यांच्या व्यापारासाठी आला होता, तरी गावातले लोक काय करून पोट भरतात याकडे त्याचं लक्ष गेलं. आज नवापूर स्थानकावर जाणारा प्रत्येक जण एकाच बाकाचा व्हिडिओ करतो, कारण राज्याची हद्द त्या बाकावरून जाते: अर्धा बाक महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. गंमत आहे, मान्य. पण त्याच फलाटावर सुरतेच्या गाडीची वाट पाहणारी, पिशवीत भाकरी बांधून आणलेली, मुलाला काखेत घेतलेली बाई उभी असते. ती ही हद्द वर्षातून कितीदा ओलांडते आणि का, हे विचारायला बाकावरून उठावं लागतं.

आपल्याकडे कामाकडे कॅमेरा वळवण्याची परंपरा नाही असंही नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' केला हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच काळात त्यांनी नाशिक-त्र्यंबकचे देखावे टिपले आणि तळेगावच्या काच कारखान्यावरही चित्रफीत केली. पौराणिक चित्रपटाला रांगा लागत होत्या, त्या दिवसांत हा माणूस भट्टीपुढे कॅमेरा घेऊन उभा राहिला. आपल्या माणसांना आपलं काम पडद्यावर पाहायला आवडेल, एवढी साधी समज त्यांना होती.

आणि काम, रोजचा प्रवास, साधी खिडकी कोण पाहणार, हा प्रश्न नॉर्वेने केव्हाच निकालात काढलाय. 2009 मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने बर्गन ते ऑस्लो हा रेल्वेप्रवास सातेक तासांचा जसाच्या तसा दाखवला. मार्गाला शंभर वर्षं झाली होती. बोगद्याचा अंधार आला की जुनी चित्रं दाखवायची, बाहेर आलं की पुन्हा डोंगर. देश जेमतेम अर्ध्या कोटीचा, त्यातल्या सुमारे 12 लाख लोकांनी तो थोडा तरी पाहिला.

तर व्हिडिओवाल्यांनो, उधन्याहून जळगावची गाडी पकडा. पहाटेची पकडा, रात्रपाळीवाले त्यात भेटतील. आरक्षणाच्या डब्यात बसू नका. चलथाणला साखर कारखाना, बारडोलीला उतरणारी पोरं, मढी, व्यारा, सोनगड, मग नवापूर. नंदुरबारला मिरचीचा हंगाम असेल तर नाकाला आधी कळेल. दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव. स्वतःचा चेहरा दाखवू नका, गाणं घालू नका. शेजारचा बोलला तर त्याला बोलू द्या, अहिराणीत बोलला तर खाली मराठी लिहा. त्याची परवानगी घ्या. मीटरला काय मिळतं ते विचारा, खोलीचं भाडं विचारा, गावाकडे कोण आहे ते विचारा. आणि हीच शिदोरी घेऊन पुढल्या वेळी लिऑनला जा. तिथल्या संग्रहालयात साचा चालवून दाखवणाऱ्यांना विचारा की 1831 मध्ये इथे विणकरांना मजुरी किती मिळायची. कडोदऱ्यात त्या आकड्याची वाट पाहणारा माणूस आहे.