पत्र साहेबांचं, मूल कुणाचं?

जिल्हा परिषदेच्या शाळेत बाहेरचा संशोधक येतो तेव्हा त्याच्या हातात एक पत्र असतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का आणि शेवटी दोन शब्द: ‘सहकार्य करावे’. मुख्याध्यापक पत्र वाचतात, फाइलला लावतात आणि विचारतात, “कोणता वर्ग पाहिजे?” थोड्याच वेळात पाचवीची मुलं व्हरांड्यात सतरंजीवर बसलेली असतात. किती वेळ लागणार, काय विचारणार, उत्तरं कुठे जाणार, यातलं काहीही कोणी विचारत नाही. आईबापांना कळलंच तर संध्याकाळी, तेही पोरानं घरी येऊन सांगितलं तर.

ही पद्धत बंद झाली पाहिजे. साहेबांची परवानगी म्हणजे शाळेच्या फाटकातून आत येण्याची परवानगी. मुलाला प्रश्न विचारायची परवानगी त्याच्या घरातून यावी लागते आणि त्यानंतर त्या मुलाकडूनही.

शाळेत संशोधन व्हायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास झाला. वर्गात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज दोनेक तास वेगळं बसवून वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घ्यायची. मुलांचे गुण वाढले आणि सगळ्यात मागे असलेल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या अभ्यासाची आखणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुलना करण्यासाठी काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, काही शाळांत दुसऱ्या इयत्तेला. त्यामुळे पाहणीत आलेली कुठलीच शाळा रिकाम्या हाती राहिली नाही. विज्ञान आणि माणुसकी एकाच आखणीत बसवता येतात, फक्त तसं ठरवावं लागतं.

ते ठरवलं नाही की काय होतं, हे खम्मममध्ये दिसलं.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प सुरू झाला. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, तिच्यासोबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि दोन्ही राज्य सरकारं. लस द्यायची होती १० ते १४ वर्षांच्या मुलींना. खम्ममात त्यांतल्या पुष्कळ जणी आदिवासी, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या. काही काळानं सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबला. सरकारी चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. लस आजही जगभर दिली जाते आणि मुलींना ती मिळायला हवी. इथे आरोप लशीवर नाहीच. प्रश्न आहे संमतीचा.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं ऑगस्ट २०१३च्या ७२व्या अहवालात या संमतीची चिरफाड केली. आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर सही होती वसतिगृहाच्या अधीक्षकांची.

दर दहांतल्या जवळजवळ तिघींची संमती अधीक्षकांनी दिली. अधीक्षक मुलींच्या जेवणाची, झोपण्याची, हजेरीची जबाबदारी घेतात. मुलीच्या शरीराचा निर्णय त्यांच्या अधिकारात कधी आला? आई जिवंत आहे, बाप जिवंत आहे, पाड्यावर राहतात, सुट्टीत पोरीला घ्यायला येतात. त्यांना विचारायला वेळ लागला असता. तो वेळ वाचवला आणि त्या बदल्यात लोकांचा विश्वास गमावला. एका चांगल्या लशीभोवती संशय दाटला. संमतीतली घाई चांगल्या कामाचाच पहिला बळी घेते, हे खम्ममनं शिकवलेलं आपण विसरता कामा नये.

महाराष्ट्रानं तर मुळीच नाही. धारणी, चिखलदरा, अक्कलकुवा, धडगाव, जव्हार, मोखाडा, भामरागड ही नावं संशोधकांच्या यादीत कायम वरती असतात. कुपोषण मोजायचं, गळती मोजायची, वाचन मोजायचं, चला आश्रमशाळेत. तिथे तीनशे मुलं एका छपराखाली सापडतात, आईबाप लांब असतात आणि प्रकल्प अधिकाऱ्यांचं एक पत्र पुरतं. जिथे नकार द्यायला कुणी जवळ नाही, तिथेच संशोधनाची गर्दी जास्त व्हावी, हा योगायोग नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं साफ सांगतात: संस्थेच्या किंवा समूहाच्या प्रमुखानं दार उघडलं म्हणून आतल्या माणसाची संमती मिळाली असं होत नाही. पालकांच्या संमतीबरोबरच मुलाचा होकारही घ्यायचा असतो. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. पण ही तत्त्वं वैद्यकीय कॉलेजांच्या आणि मोठ्या विद्यापीठांच्या नैतिकता समित्यांपुरती राहिली आहेत. केंद्रप्रमुखाच्या टेबलावर ती पोचलेली नाहीत. ज्या मुख्याध्यापकांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, त्यांच्या हातात मराठीतलं एक पानसुद्धा नाही.

ते एक पान कसं असावं, हे मी सांगतो.

पहिलं: संमतिपत्र पालकांच्या भाषेत. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आईसमोर ‘सदर संशोधनात माझ्या पाल्याच्या सहभागास माझी हरकत नाही’ हे वाक्य ठेवून अंगठा घेणं म्हणजे फसवणूक आहे. भामरागडात माडिया, धडगावात पावरी. तिथे कागद वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, प्रश्न विचारू द्यायचे आणि घरी विचार करायला निदान एक रात्र द्यायची. ‘नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही, म्हणजे होकार’ हे गणित आपल्याकडे चालणार नाही. आपल्याकडे मौनाची कारणं बहुतेक वेळा भीती, निरक्षरता किंवा ऊसतोड असतात.

दुसरं: मुलाला खरा नकार देता आला पाहिजे. वर्गात सर उभे आहेत, शेजारी शहरातून आलेले पाहुणे आहेत आणि विचारलं जातं, “कुणाला नको असेल त्यानं हात वर करा.” कोणतं पोर हात वर करील? विचारणारा शिक्षक नसावा. नको म्हणणाऱ्याला त्या वेळात चित्र काढायला किंवा गोष्टीचं पुस्तक वाचायला मिळावं. मध्येच कंटाळा आला तर उठून जाता यावं. आणि नाही म्हटल्यामुळे गुण, खिचडी, शिष्यवृत्ती यांतलं काही जाणार नाही, हे त्याला आधी सांगावं.

तिसरं: घरातले प्रश्न वर्गात विचारायचे नाहीत. “बाबा दारू पितात का? आईला मारतात का? घरात पैसे किती येतात?” शेजारी बसलेला मुलगा ऐकत असतो आणि मधल्या सुट्टीत ते उत्तर सगळ्या वाडीला कळतं. अमेरिकेत १९७८पासून एक कायदा आहे. केंद्राच्या शिक्षण खात्याच्या पैशातून होणाऱ्या सर्वेक्षणात विद्यार्थ्याला राजकीय मतं, मानसिक आजार, लैंगिक वर्तन, धर्माचरण, घरचं उत्पन्न अशा विषयांवरचे प्रश्न सक्तीने विचारायचे असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. अशी यादी आपणही करावी आणि तिच्यात जात जरूर घालावी.

अत्याचाराबद्दल विचारायचं असेल तर जबाबदारी आणखी मोठी. मुलीनं सांगितलं, तर पुढे काय? पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संशोधक त्याला अपवाद नाही. प्रश्न छापण्याआधी समुपदेशक ठरलेला हवा, १०९८ हा क्रमांक मुलांना माहीत हवा आणि गुप्ततेचं वचन कुठपर्यंत पाळता येईल हे त्यांना खरंखरं सांगितलेलं हवं. चौकटीत बरोबरची खूण करून पुढच्या मुलीकडे वळणारा माणूस शाळेत नको.

चौथं: शिक्षकांचा वेळ. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपायला मनाई करतं. मग संशोधकाच्या प्रश्नावल्या वाटणं, गोळा करणं, मुलांची माहिती तक्त्यांत भरून देणं हे बाईंच्या माथी का? दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक तक्ते भरू लागला की दोन वर्ग वाऱ्यावर सुटतात. संशोधकानं आपली माणसं आणावीत. शिक्षकालाही नाही म्हणता यावं. आणि वर्गात बसून केलेली निरीक्षणं शिक्षकाच्या नावानिशी साहेबांच्या टेबलावर जाऊ नयेत. नाहीतर ते संशोधन राहत नाही, तपासणी होते.

पाचवं: ओळख. ‘आम्ही नावं बदलली आहेत’ एवढ्यानं भागत नाही. तालुका लिहिला, पाड्याचं वर्णन केलं आणि ‘सातवीतली एक मुलगी’ म्हटलं, तर त्या पाड्यावर सातवीत असलेली ती एकुलती एक मुलगी सगळ्यांना कळते. आधार क्रमांक तर मागूच नये. मुलांचे हसरे फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापायचे तर त्याची संमती वेगळी घ्यावी. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, पण संशोधनाला ठरावीक अटींवर सूट देतो. ती सूट म्हणजे मोकळं रान आहे असं कोणी समजू नये. कायदा जिथे सैल आहे तिथे शाळेनं घट्ट असावं.

सहावं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं: जे कळलं ते परत आणून द्या. संशोधक महिनाभर येतो. मुलं उत्तरं देतात, बाई चहा करतात, गावकरी रस्ता दाखवतात. मग पीएचडी होते, शोधनिबंध छापला जातो, सुरुवातीला ‘सहकार्याबद्दल आभार’ असतात आणि ज्या शाळेचे आभार मानले त्या शाळेत तो निबंध कधीच पोचत नाही. पोचला तरी इंग्रजीत. आमच्या चौथीच्या वर्गाला वजाबाकी कुठे अडते हे बाहेरच्या विद्यापीठाला माहीत आणि चौथीच्या बाईंना नाही, हा अन्याय आहे. दोन पानांचा मराठी सारांश, शाळेत येऊन पालकांसमोर वाचून दाखवलेला, ही अट परवानगीच्या पत्रातच छापा. आणि एखादा उपक्रम काही शाळांत राबवून इतर शाळा तुलनेसाठी कोऱ्या ठेवल्या असतील, तर तो उपयोगी ठरल्यावर त्या शाळांनाही मिळाला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. एवढ्या अटी घातल्या तर एम.एड.ची एखादी विद्यार्थिनी आपला छोटासा प्रकल्प कसा करणार? उपाय सोपा आहे. धोका कमी, तर कागद कमी. दहा मिनिटांची वाचनचाचणी आणि घरातल्या हिंसेवरची मुलाखत एकाच तराजूत तोलू नका. पहिलीला आठवड्यात उत्तर द्या, दुसरीला नैतिकता समितीचा दाखला मागा.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. नियम हातात आले की खातं त्यांची ढाल करील. शाळेला छप्पर नाही, आश्रमशाळेत मुली आजारी पडतात, सहावीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, हे बाहेर येऊ नये म्हणून अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतील. म्हणून खात्यावरही बंधन हवं. अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर, नकार दिला तर लेखी कारण, आणि निष्कर्ष गैरसोयीचे आहेत म्हणून अहवाल अडवायचा अधिकार कुणालाही नाही. नियम मुलांच्या रक्षणासाठी आहेत, अधिकाऱ्यांच्या रक्षणासाठी नाहीत.

मंत्रालयातून हे पान कधी येईल ते येवो, पालकांनी थांबायचं कारण नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या सभेत ठराव मांडा: ‘आमच्या मुलांवर कोणतंही संशोधन करण्यापूर्वी संशोधकाने समितीसमोर येऊन उद्देश, प्रश्न आणि लागणारा वेळ सांगावा, प्रत्येक पालकाची स्वतंत्र संमती घ्यावी आणि निष्कर्ष मराठीत परत आणून द्यावेत.’ इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या, एक प्रत मुख्याध्यापकांच्या फाइलला लावा. साहेबांचं पुढचं पत्र येईल तेव्हा त्याच्या शेजारी तुमचंही पत्र असू द्या. हा ठराव करायला कुणाची परवानगी लागत नाही.