गुडघे आहेत तोवर

पेणच्या आमच्या आळीत एका पोराला चोविसाव्या वर्षीच 'बुवा' म्हणायला लागले, आणि त्यात चेष्टा आहे हे त्याला अजून उमगलेलं नाही. आता तो सत्तावीसचा आहे. अंगात टी-शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, बाइकच्या आरशाला अडकवलेली गोमुखी. कोणी भेटलं की त्याची नजर आधी त्या माणसाच्या गुडघ्यांवर जाते.

"काका, मांडी घालता येते ना अजून?"

"येते की. उठताना जरा…"

"बघा! उशीर केलात."

बुवाचं म्हणणं असं, की देवाचं काम हे अंगमेहनतीचं काम. प्रदक्षिणेला पाय लागतात, अभंगाला दम लागतो, पोथीला डोळे, प्रसादाच्या फुटाण्यांना दात. हा सगळा ऐवज शाबूत असतो तेव्हा माणूस नोकरी, प्लॉट आणि पोरांच्या ॲडमिशनमध्ये गुंतलेला; आणि देवाकडे वळतो तेव्हा हातात काय, तर एक कवळी, एक चष्मा आणि बीपीच्या गोळ्या. "देवाने काय भंगाराचं दुकान टाकलंय?" असं तो विचारतो, आणि खरं सांगायचं तर मला अजून उत्तर देता आलेलं नाही.

पुराव्यांना तोटा नाही. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद गुरुजींची पाठ वळल्यावर दैत्यांच्या पोरांना हेच सांगतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली ती एकविशीत. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्यात १९२० साली जन्मले आणि १९४२ पासून मुंबईच्या गीता पाठशाळेत प्रवचनं देऊ लागले; ही वजाबाकी बुवा बोटांवर करून दाखवतो. पण त्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे पालीचा बल्लाळ. कल्याणशेठचा हा पोरगा मित्रांना घेऊन रानात जायचा आणि दगडाला गणपती मानून पूजेत रमायचा. बापाने चिडून मारलं, झाडाला बांधून ठेवलं, तेव्हा गणपती धावून आला. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा हाच एक.

वहिनी, म्हणजे बुवाची आई, ही गोष्ट पोळ्या लाटता लाटता ऐकतात. एकदा म्हणाल्या, "कल्याणशेठचं कुणी ऐकलंय का? पोरगं दिवसभर रानात, जेवणाची शुद्ध नाही, वर गावची पोरं नादाला लावलेली. बांधेल नाहीतर काय करेल? मी तर झाडच शोधतेय."

घरात आजोबा आहेत, ऐंशीला टेकलेले. त्यांचा देवाशी संबंध उकडीच्या मोदकांपुरता. पहाटे नातू काकडा लावतो आणि आजोबा पांघरुणातून ओरडतात, "आवाज कमी कर रे!"

एवढा भक्त पोटापाण्यासाठी करतो काय, तर देवच घडवतो. पेणला दुसरं काय करणार? गणपतीच्या कारखान्यात तो रंगकामाला आहे. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी म्हणजे कारखान्यातलं मानाचं काम. आणि इथे बुवाच्या सिद्धान्ताला एक अडचण बसलेली आहे, तीही रोज त्याच्या शेजारीच, पाटावर. आखणी करणारे कारागीर सत्तरी ओलांडलेले. जाड भिंगांचा चष्मा, कानामागे बिडी, माळबिळ काही नाही. ब्रश टेकवला की श्वास धरून एका झटक्यात भुवई ओढतात आणि गणपती आपल्याकडे बघायला लागतो. बुवालाही एकदा डोळे काढायला दिले होते. मूर्तीचा एक डोळा पनवेलकडे, एक अलिबागकडे. तेव्हापासून त्याच्याकडे दागिने असतात.

मी हे त्याला टोचून बघितलं. जराही न डगमगता म्हणाला, "ते सातव्या वर्षापासून मातीत हात घालतायत काका. तरुणपणीच सुरुवात केली ना?" अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आषाढ सरला की मात्र गंमत सुरू होते. कारखान्यात रात्री दोन-दोनपर्यंत दिवे, गिऱ्हाइकांचे फोन, बाहेर टेम्पो उभे, आत फुल्ल आवाजात हिंदी गाणी. गोमुखी आरशालाच लटकलेली, वर सोनेरी रंगाची भुकटी. काकडा बंद; आजोबा खूश. अशाच एका रात्री मी विचारलं, "काय बुवा, जप?"

"सीझन आहे हो काका. एकदा गणपती जाऊ देत, मग निवांत बसतो."

रिटायर झाल्यावर बघू म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून केवढा आधार वाटला! निदान माझ्या रिटायरमेंटला तारीख तरी आहे. पेणमध्ये यंदाचे गणपती गेले की पुढच्या वर्षीच्या मूर्तींची माती भिजायला लागते.

शेवटी वहिनींनी झाडाऐवजी स्थळ शोधलं, रोह्याचं. मध्यस्थ मी, म्हणून मेमूने मीही गेलो. पेणकरांसमोर पेणच्याच पोह्यांचे कांदेपोहे आले. मुलीचे वडील धावीर महाराजांच्या पालखीबद्दल भरभरून सांगत होते. पोलीस सशस्त्र सलामी देतात, अख्खं रोहा रस्त्यावर असतं. बुवाने लगेच तोंड घातलं, "आणि खांदा कोण देतं? तरुण पोरंच ना?" मग गुडघे, दात, कवळी, भंगार असा सगळा पाठ झाला. मुलीची आजी पदराखाली आपले गुडघे चाचपत बसली.

मुलगी धाटावच्या एमआयडीसीत लॅबमध्ये कामाला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तरुणपण देवाला द्यायचं, ठरलंय तुमचं?"

"हो."

"मग माझ्या वाट्याला काय, कवळी?"

परतीच्या गाडीत बुवा खिडकीशी बसला. निडी गेलं, एक शब्द नाही. नागोठण्याला ओठ हलले; मला वाटलं, नामस्मरण. कासू आल्यावर आईकडे वळला आणि म्हणाला, "तिचा नंबर घेतलास ना?"