बहुमताचा लांडगा

अरण्यातील गहन प्रश्नांचा निकाल प्राणिशास्त्रज्ञांच्या रुक्ष दफ्तरांतून न लावता थेट मतपेटीतून लावावा, हा जो अभिनव मार्ग अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२० च्या नोव्हेंबरात चोखाळला, त्याची तारीफ करावी तितकी थोडीच. ज्या करड्या लांडग्याचा १९४० च्या दशकापर्यंत बक्षिसे लावून निःपात केला, त्याचे पुनर्वसन सुमारे एक्कावन्न टक्के मतांनी मंजूर झाले. आणि डेन्व्हर-बोल्डर या शहरांतील सुसंस्कृत नागरिकांनी भरघोस पाठिंबा दिलेले हे श्वापद, कायद्याच्या कलमान्वये, राज्यातील पर्वतरांगेच्या पश्चिमेस गुरे राखणाऱ्यांच्या पदरात पडले. हलवायाच्या घरावर इतके भरगच्च तुळशीपत्र क्वचितच ठेवले गेले असेल! २०२३ च्या डिसेंबरात ऑरेगनहून दहा लांडगे रुजूही झाले. फाडलेल्या जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत नुकसानभरपाईची तजवीज असल्याने वासराचीही तक्रार उरू नये.

आमची नम्र सूचना एवढीच, की आता लांडग्याचा आहारही मतदानाने मुक्रर करावा; गवताला बहुमत मिळाल्यास बराचसा तंटा मिटेल. तसेच पश्चिमेकडील गुराख्यांनी डेन्व्हरच्या उद्यानांत, बालकांच्या झोपाळ्यांलगत, दहा लांडगे सोडण्याचा प्रतिप्रस्ताव मतास टाकावा. तसे झालेच, तर अशा नाजूक बाबी अडाणी मतदारांवर न सोपवता तज्ज्ञांच्या समितीकडे द्याव्यात, असा अर्ज शहरवासीयांकडून त्याच दिवशी दाखल होईल, याविषयी आम्ही निश्चिंत आहोत.