आद्य रहिवासी

निगडी, चिखली, भोसरी या पट्ट्यात नवा भाडेकरू राहायला आला, की दोन-तीन दिवसांत त्याच्या दारात एक अण्णा उभे राहतात. नळाला पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी कधी येते, एवढंच सांगायला आलेले असतात. पण सांगतात भलतंच. "आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं. लाइट नव्हती, रस्ता नव्हता. अंधार पडला की रिक्षावाला यायला नाही म्हणायचा. साप तेवढे वेळेवर यायचे." वाय-फायचं विचारायला उघडलेलं तोंड भाडेकरू मुकाट्याने मिटतो.

असा एक अण्णा प्रत्येक गल्लीत असतो. आमच्या गल्लीतले माणचे. १९७२ च्या दुष्काळात आयटीआयचा टर्नरचा दाखला आणि पत्र्याची ट्रंक घेऊन पिंपरीला उतरले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका तेव्हा दोन वर्षांची होती, नवनगर विकास प्राधिकरण त्याच वर्षी जन्मलं होतं आणि भोसरीच्या माळावर एमआयडीसीच्या शेड उठत होत्या. आकुर्डीत एका खोलीत सहाजण राहायचे. पाळ्या तीन असल्यामुळे गाद्याही तीनच पुरायच्या.

पुढे पैसे साठवून अण्णांनी चिखलीत एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. हा हिशेब ते झोपेतही सांगतात. व्यवहार स्टॅम्प पेपरवर झाला. चिखली तेव्हा ग्रामपंचायतीत होती, महापालिकेत आली १९९७ ला. म्हणून अण्णा अभिमानाने सांगतात, "लोक महापालिकेत राहायला येतात. आमच्याकडे महापालिका राहायला आली."

घर त्यांनी बांधलं नाही, वाढवलं. आधी पत्रा, मग स्लॅब. मुलगा नोकरीला लागला म्हणून वरचा मजला, त्याचं लग्न ठरलं म्हणून त्याच्यावरचा. गच्चीवर कॉलमच्या सळया अजून आभाळाकडे बघत उभ्या आहेत. नातवाचा बारावीचा निकाल लागायचाय. वरचे मजले २००८ नंतरचे निघाले आणि घरपट्टीच्या दुप्पट शास्तीकर बसला. ज्या कार्यालयाने घर अनधिकृत ठरवलं, तेच कार्यालय त्या घराच्या कराची रीतसर शिक्का मारून पावती द्यायचं. अण्णांनी त्या पावत्या लॅमिनेट करून ठेवल्या आहेत. "अनधिकृत माणसाकडून इतके पैसे कुणी घेतं का?" असा त्यांचा बिनतोड सवाल. २०२३ मध्ये सरकारने शास्ती माफ केली तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. अण्णांना पेढा काही गोड लागला नाही. सोसल्याचं सांगायला एक कलम कमी झालं.

कंपनीतली पाळी संपली की अण्णांची स्वतःची पाळी सुरू व्हायची. जुन्या बाजारातून आणलेलं, पट्ट्यावर चालणारं लेथ, वर पत्रा आणि बाहेर कुलदेवीच्या नावाची 'इंजिनिअरिंग वर्क्स' अशी पाटी. मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या कंपनीला जो पुरवायचा, त्याचं जॉबवर्क हे करायचे. म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं. भाव नगामागे पैशांत ठरायचा, परचेसवाला दर वर्षी तोही कापायचा आणि पेमेंट तीन महिन्यांनी. पण माल कधी रिजेक्ट झाला नाही. अण्णांचा अंगठा हेच गेज. आजही हातात चहाचा कप आला की आधी कडेवरून अंगठा फिरतो. "बर राहिलीय," म्हणतात आणि मगच पितात. डॉक्टरांनी बीपी एकशे चाळीस सांगितलं, तर यांचा प्रश्न, "टॉलरन्स किती धरायचा?"

अण्णा कंपनीतून येईपर्यंत काकू आदल्या रात्रीच्या जॉबची बर कानशीने काढायच्या, रॉकेलमध्ये धुवायच्या आणि मोजून गोणीत भरायच्या. त्यामुळे अण्णा पाहुण्यांसमोर 'इथे काही नव्हतं'वर आले, की आतून आवाज येतो, "काही नव्हतं कसं? मी होते की!"

अण्णा लगेच दुरुस्ती करतात. "ही होती. बाकी काही नव्हतं."

आता मुलाने चाकणला शेड घेतलीय. सीएनसी मशीन, एसी केबिन, ड्रॉइंग ई-मेलवर. तो रोज तळेगाव चौकात ट्रेलरच्या मागे तासभर अडकतो आणि घरी येऊन कंटाळा आला म्हणतो. अण्णांना मनापासून बरं वाटतं; पोराच्या वाट्याला सांगण्यासारखं काहीतरी आलं. त्यांच्या मते चाकण म्हणजे कालचं पोर. मी एकदा आठवण करून दिली, की चाकणचा किल्ला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेसमोर जवळजवळ दोन महिने लढवला होता. अण्णांनी क्षणभर विचार केला. "असेल. पण तेव्हा तिथे एमआयडीसी नव्हती."

त्यांची खरी कसोटी लागते ती गुरुवारी. एमआयडीसीला सुट्टी म्हणून मंडळी सकाळी निगडीच्या दुर्गा टेकडीवर निवांत जमतात. अण्णांनी १९७२ काढलं, की एच.ए. कॉलनीतले काका घसा साफ करतात. त्यांचे वडील पेनिसिलिनच्या कारखान्यात होते, आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली १९५४ ला. "मी इथे आलोच नाही, मी इथेच जन्मलो," ते म्हणतात. त्यावर पिंपरी कॅम्पातले कापडवाले शेठ हळूच सांगतात, की त्यांचे वडील फाळणीनंतर सिंध सोडून इथे आले, तेव्हा पेनिसिलिनचाही पत्ता नव्हता. प्रत्येकाच्या 'आम्ही आलो तेव्हा'नंतर पिंपरी आणखी ओसाड होत जाते.

बाकाच्या टोकाला चिखलीचे तात्या बसलेले असतात. डोक्याला टोपी, हातात काठी. ते कुठूनच आलेले नसल्यामुळे त्यांना सांगायला काही नसतं. परवा मात्र त्यांनी काठी टेकली आणि म्हणाले, "काही नव्हतं, काही नव्हतं काय लावलंय? आमची जवारी व्हती की तिथं. अण्णा, तुमचा गुंठा मोजला तवा टेपचं दुसरं टोक म्याच धरलं व्हतं."

बाक गप्प झाला. शेठ आपल्या चपलेकडे बघू लागले. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"धरलं होतंत," अण्णा म्हणाले. "पण ढिलं धरलं होतंत. माझी दोन फूट जागा तेव्हापासून कमी आहे."