घोडेवाला पटावर

वर्ध्यात राहून घोड्यांच्या शर्यतीचा नाद बाळगणं म्हणजे सेवाग्रामच्या प्रार्थनेला बसून तीन पत्तीचा डाव आठवणं. इकडे बापूकुटी, तिकडे विनोबांचं पवनार आणि सगळ्या जिल्ह्याला दारूबंदी. अशा पुण्यभूमीत मी सकाळी पेपर उघडतो तो पुण्याच्या रेसकोर्सवर आज कोणता घोडा कोणत्या जॉकीखाली पळणार हे शोधायला. आमच्याकडचा पेपर ते छापत नाही. कापसाचा भाव छापतो. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे आटोपतो; मग घोडे मुंबईच्या महालक्ष्मीला जातात आणि मी मोबाइलमध्ये.

घरात या नादाला मान नाही. घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असं 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, हे मी बायकोला ऐकवलं. ‘‘कौशल्य कोणाचं? घोड्याचं का तुमचं?’’ तिनं भाजी निवडता निवडता विचारलं. निकालपत्रात याचा खुलासा असेलही. मी तेवढं खोल वाचलेलं नाही.

तर एका हिवाळ्यात मुंबई जमेना, म्हणून तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, गाठला. पुलगाव सोडून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, आणि धामणगावच्या पुढं गेलं की कोणालाही पत्ता विचारावा लागत नाही. सगळी वाहनं तिकडंच चाललेली असतात. घोड्याच्या वाट्याला कौशल्य आलं, बैलाच्या वाट्याला मात्र त्याच कोर्टाची 2014 ची बंदी. पट बसले ते डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाल्यावर उठले. आता काठी नाही, चाबूक नाही, टोचणी नाही. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं काय ते घशाच्या जोरावर करायचं.

पुण्यात शर्यतीआधी घोडे गोल फिरवून दाखवतात. आपण रेलिंगला टेकून जाणकार चेहरा करायचा. इथं बैल पिकअपच्या सावलीत उभे होते. अंगावर झूल, शिंगांना रंग, आणि एक पोरगा स्वतःच्या खिशातल्या कंगव्यानं बैलाच्या शेपटीचा गोंडा विंचरत होता. विंचरून झाल्यावर त्याच कंगव्यानं त्यानं स्वतःचाही भांग पाडला. मी जाणकार चेहरा केला. पुठ्ठे पाहिले, कातडीची चमक पाहिली, घाम पाहिला. उभ्या उभ्या घामेजलेलं जनावर पळत नाही, हे मला रेसकोर्सनं शिकवलंय. दोन नंबरची जोडी मनात पक्की केली आणि सवयीनं हात खिशात गेला.

‘‘काकाजी, खिडकी कुठं आहे?’’ शेजारच्या धोतरवाल्यांना मी विचारलं.

‘‘कायची खिडकी?’’

‘‘पैसे लावायची.’’

काकाजींनी मला खालपासून वर न्याहाळलं. ‘‘कोन गावचे तुमी?’’

‘‘वर्ध्याचा.’’

‘‘गांधीजीच्या?’’

विषय बदलणं भाग होतं. शर्यतीच्या घोड्याचं कूळ पाहतात, तीन मूळपुरुषांपर्यंत त्याची वंशावळ जाते, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन, अशी नावं मी घडाघडा म्हणून दाखवली. ‘‘या बैलाचा बाप कोण?’’ असंही वर विचारलं.

‘‘गवळाऊ हाय. तुमच्याच आर्वीकडचा.’’ मग त्यांनी मला माझा जिल्हा शिकवला. आर्वी, आष्टी, कारंजा घाडगे या भागातली ही जात. अंगानं हलकी, तोंडानं लांबट, पायानं चपळ. नंदगवळ्यांनी राखलेली. हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. मला इंग्लंडात गेलेले तीन घोडे पाठ होते. हेटीकुंडीला कोणत्या फाट्यावरून जायचं, ते काकाजींनीच सांगितलं.

इतक्यात झेंडी पडली. लाउडस्पीकरवाला देणगीदारांची नावं वाचत होता, तो नाव अर्धं टाकून ओरडायला लागला. इथं जोडी घड्याळाशी पळते. दोन नंबर सुटली, मी टाचा उंचावल्या, पुढच्या माणसाचा फेटा चुकवायला मान वाकडी केली, आणि मान सरळ होईपर्यंत पट संपला होता. मनात दहासुद्धा मोजून झाले नव्हते. एवढ्यासाठी हे लोक वर्षभर बैलांना खुराक चारतात! पुण्यात निदान दुर्बीण पुसायला तरी वेळ मिळतो.

‘‘धुरकऱ्यानं घात केला,’’ काकाजी म्हणाले. ‘‘बैल पळाले, हाच मागं रायला.’’ हे मात्र ओळखीचं वाटलं. घोडा हरला की आम्हीही जॉकीलाच धरतो.

जरा वेळानं तेच हळू आवाजात म्हणाले, ‘‘तुमच्या त्या पुन्याले पैसे लावले तं वापस भेटते काय?’’

‘‘कधी कधी.’’

‘‘मंग कापसाहून बरं हाय की बाप्पा!’’ आणि सरकून बसले. ‘‘एका रुपयाले किती?’’

भाव कसा फुटतो, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत आणखी दोन जोड्या सुटून गेल्या.