जहाज मालकाचं, दोष दैवाचा

क्रूझचं ब्रोशर उघडा. निळं पाणी, पांढरं जहाज, तलावाकाठी आडवं पडलेलं जोडपं. इंजिन रूमचा फोटो शोधून सापडणार नाही.

तो वर्तमानपत्रात येतो. नंतर.

७ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ हे जहाज टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन बंदरातून निघालं. मेक्सिकोतल्या कोझुमेलला जाऊन परत, चार दिवसांची सहल. प्रवासी तीन हजारांवर, कर्मचारी हजारावर. १० तारखेला पहाटे परतीच्या वाटेवर जनरेटरच्या नळीतून इंधन गळलं आणि आग लागली. आग विझली. तिच्यासोबत दिवेही विझले.

समुद्रात वीज गेली की सगळंच जातं. एसी जातो, स्वयंपाकघर जातं, संडास जातात. प्रवाशांच्या हाती लाल प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या गेल्या. कशासाठी? आपल्याकडे रविवारची पुरवणी जेवताना वाचतात, म्हणून सांगत नाही.

टगबोटींनी ओढत ओढत जहाज अलाबामातल्या मोबिल बंदराला लागलं ते १४ फेब्रुवारीच्या रात्री. व्हॅलेंटाइन डे! मध्ये ओढायचा दोर तुटला. आणि धक्क्यावरून प्रवाशांना न्यू ऑर्लिन्सला नेणाऱ्या बसगाड्यांपैकी एक वाटेत बंद पडली.

यातलं काहीही मी रचलेलं नाही. एवढी प्रतिभा असती तर सदर कशाला लिहिलं असतं?

कंपनीने मन मोठं केलं. तिकिटाचे पैसे परत, घरी जाण्याचा खर्च, वर ५०० डॉलर. आणि पुढच्या क्रूझसाठी क्रेडिट. नाक दाबून पाच दिवस काढलेल्या माणसाला पुन्हा बोलावणं पाठवायलाही धाडस लागतं.

काही प्रवासी कोर्टात गेले. तिथे कंपनीचा बचाव काय होता? तिकिटाच्या करारात सुरक्षित प्रवासाची हमी नाही. जहाज समुद्रात जाण्यालायक असेल याची नाही. पुरेशा, चांगल्या अन्नाची नाही. स्वच्छतेची तर नाहीच नाही.

मग पैसे कशाचे घेतले होते?

बरं, ‘ट्रायम्फ’सारखं महाभारत रोज घडत नाही. रोजचं दुखणं वेगळं आहे. जहाज बंद पडत नाही, नुसतं मंदावतं. हल्लीच्या मोठ्या जहाजांत पंखे फिरवणारी विजेची मोटर जहाजाच्या पोटात नसते. ती मागे, पाण्याखाली टांगलेल्या पॉडमध्ये असते. पॉड बिघडला की दुरुस्तीला बहुतेक वेळा सुकी गोदीच लागते, आणि एवढं धूड मावेल अशी गोदी हाकेच्या अंतरावर नसते. म्हणून मोठी दुरुस्ती पुढे ढकलायची आणि उरलेल्या पॉडवर लंगडत चालायचं. वेग कमी झाला, तर वेळापत्रक कसं सांभाळणार?

सोपं आहे. एकदोन बंदरं गाळायची.

मग एका सकाळी केबिनच्या दाराखालून पत्र सरकतं. जाड कागद, वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली कॅप्टनची सही. ‘तांत्रिक कारणास्तव’ उद्याचं बंदर रद्द, त्याऐवजी ‘समुद्रावरचा आनंददायी दिवस’. ज्या बंदरासाठी तुम्ही ही क्रूझ निवडली, ते गेलं. भरपाई? त्या बंदराचे कर आणि शुल्क परत. फारच दिलदार कंपनी असेल तर थोडं क्रेडिट. ते खर्च कुठे करायचं? त्याच जहाजावरच्या बारमध्ये.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. जहाज बंदरात असताना कसिनो आणि करमुक्त दुकानं बहुतेक ठिकाणी बंद ठेवावी लागतात. जहाज समुद्रात असलं की उघडी. म्हणजे बंदर चुकलं की प्रवाशाचा दिवस बुडतो आणि कसिनोचा एक दिवस वाढतो.

कंपनी हे मुद्दाम करते असं मी म्हणत नाही. फक्त तिला फार वाईट वाटत असेल, असंही म्हणत नाही.

उलट बाजू पाहा. बंदरात उतरलेले तुम्ही दहा मिनिटं उशिरा परतलात तर जहाज सुटलेलं असतं. मग पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. धक्क्यावरून जिवाच्या आकांताने धावणारे प्रवासी, आणि वरच्या डेकवरून टाळ्या पिटत त्यांचे व्हिडिओ काढणारे सहप्रवासी, हा तर क्रूझवरचा फुकटचा खेळ झालाय. प्रवाशाला उशीर, तर चूक प्रवाशाची. जहाजाला उशीर, तर चूक नशिबाची.

२००६ च्या जानेवारीत ‘क्वीन मेरी २’च्या प्रवाशांनी हे नशीब मुकाट्याने घेतलं नाही. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघताना जहाज जलमार्गाच्या कडेला घासलं आणि एक पॉड निकामी झाला. वेग घटला. रिओ दि जानेरोपर्यंतची बंदरं गाळली गेली. कुनार्ड कंपनीने आधी निम्मे पैसे देऊ केले. प्रवासी म्हणाले, रिओला आम्ही उतरतच नाही, बसून राहतो.

निवृत्त, सुखवस्तू, संध्याकाळी सूट घालून जेवायला जाणारी माणसं. धरणं धरणार होती!

कंपनीने पूर्ण पैसे देऊ केले.

म्हणजे पैसे होते. फक्त मागायची पद्धत चुकत होती.

आता या नाटकाचा दुसरा अंक. त्याच जहाजाचे पॉड पुढेही कुरकुरत राहिले. तेव्हा कुनार्डची मालक असलेल्या कार्निव्हलने काय केलं? ‘यंत्र आहे, बिघडायचंच’ म्हणून सोडून दिलं? छे! पॉड बनवणाऱ्या रोल्स-रॉइसला कोर्टात खेचलं. तुमची रचनाच सदोष, आमचं नुकसान झालं, भरून द्या. २०११ मध्ये कंपनीच्या बाजूने २ कोटी ४० लाख डॉलरचा निकाल लागला. रॉयल कॅरिबियननेही आपल्या जहाजांच्या पॉडवरून रोल्स-रॉइसला असंच कोर्टात ओढलं होतं.

म्हणजे यंत्राच्या बिघाडाला कुणीतरी जबाबदार असतं, हे क्रूझ कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे. तो बिघाड प्रवाशाच्या दारात येईपर्यंत मात्र त्याची दैवी आपत्ती होते.

आपली एसटी घाटात बंद पडली तर कंडक्टर शिव्या खातो, पण मागून येणाऱ्या गाडीत त्याच तिकिटावर बसवून देतो. बसायला जागा मिळेलच असं नाही, पण गाव येतं. दहा-पंधरा मजली तरंगत्या राजवाड्याकडून याहून जास्त कुणी मागतंय का?

२०१३ च्या त्या दुर्गंधीनंतर अमेरिकेत आरडाओरडा झाला. सिनेटर चक शूमर यांनी प्रवाशांच्या हक्कांची सनद हवी म्हणून आवाज उठवला. मे महिन्यात सनद आलीही. दहा कलमी. कुणी लिहिली? क्रूझ कंपन्यांच्याच संघटनेने.

सनदेत काय आहे? यंत्राच्या बिघाडाने सहल रद्द झाली तर पूर्ण पैसे. अर्ध्यात संपली तर काही पैसे. धक्क्याला लागलेल्या जहाजावर अन्नपाणी आणि संडास नसतील तर खाली उतरण्याचा हक्क. हो, हे लिहून द्यावं लागलं. आणि बंदर गाळलं तर? तर बदलाची माहिती वेळेवर मिळण्याचा हक्क.

म्हणजे तेच पत्र. जरा लवकर सरकेल.

युरोप तरी शहाणा असेल? युरोपीय संघाचा समुद्रप्रवाशांसाठीचा नियम २०१२ च्या डिसेंबरपासून लागू आहे. फेरीबोट ठरावीक मर्यादेपलीकडे उशिरा पोचली, तर तिकिटाच्या २५ ते ५० टक्के रक्कम परत. छान! क्रूझच्या प्रवाशांना मात्र त्या कलमातून वगळलंय. पॅकेज टूरचा कायदा आहे, त्यातून भांडून काही सुटतं. पण थेट हक्क फेरीबोटवाल्याचा. गाडी आणि कुत्रा घेऊन चाललेला माणूस सूटवाल्यापेक्षा सुरक्षित.

आणि भांडायचं कुठे? १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जोडप्याच्या कार्निव्हलविरुद्धच्या खटल्यात निर्णय दिला. जोडपं राहणारं वॉशिंग्टन राज्यातलं, अपघात मेक्सिकोजवळच्या समुद्रात. पण तिकिटावर बारीक टायपात ‘दावा फ्लोरिडातच’ असं छापलेलं, म्हणून फ्लोरिडातच जा. देशाचं एक टोक ते दुसरं टोक. कंपनीचं कार्यालय तिथे आहे ना!

कार्यालय मायामीत, पण ‘ट्रायम्फ’च्या वेळी कार्निव्हलची नोंदणी पनामाची होती. रॉयल कॅरिबियनची लायबेरियाची. कर भरायच्या वेळी पनामा आठवतं, आग लागली की अमेरिकेचं तटरक्षक दल. ‘ट्रायम्फ’ आणि त्याआधी अडकलेल्या ‘स्प्लेंडर’ जहाजाच्या मदतीचा सरकारी खर्च सुमारे ४२ लाख डॉलर झाला. सिनेटर जे रॉकफेलर यांनी विचारलं, हे पैसे देणार का? कंपनीने आधी सागरी परंपरेचा दाखला दिला. बोंब झाल्यावर पाकीट काढलं.

पाहिलंत? इथेही तेच. धरणं धरा, नाहीतर बोंब मारा.

‘ट्रायम्फ’चं पुढे काय झालं? २०१९ मध्ये सुमारे २० कोटी डॉलर खर्चून जहाजाचा कायापालट केला आणि नाव ठेवलं ‘कार्निव्हल सनराइज’. बारशाला किती लोक आले ठाऊक नाही, बुकिंग मात्र सुरू आहे.

बिघडलेलं यंत्र घेऊन कॅप्टनने भर समुद्रात रेटावं, असं कुणीच म्हणत नाही. यंत्रं बिघडतात. २०२४ मध्ये ‘व्हिला वी ओडिसी’ हे १९९३ सालचं जहाज साडेतीन वर्षांच्या जगप्रवासाला निघणार होतं. सुकाणूची दुरुस्ती निघाली आणि ते चार महिने बेलफास्टला अडकलं. प्रवासी दिवसा जहाजावर जेवत आणि रात्री मुक्कामाला शहरात जात. त्यांचा खर्च कंपनीने उचलला, याची नोंद करायला हवी. म्हणजे उचलता येतो. जग पाहायला निघालेल्यांना बेलफास्ट पाठ झालं, ते सोडा.

आता आपल्याकडे या. मराठी माणूस क्रूझवर जायला लागलाय. कॉर्डेलियाच्या ‘एम्प्रेस’ने २०२१ पासून मुंबई-गोवा फेऱ्या केल्या. तिकडे सिंगापूर आणि अलास्काच्या ग्रुप टूर भरून जातात. डेकवर अंताक्षरी, थेपल्याच्या पिशव्या, नऊवारीतला फोटो. आनंद आहे.

पण परदेशात आपलं एक जास्तीचं दुखणं असतं. पासपोर्ट भारतीय. जहाज ठरल्या बंदराऐवजी भलत्याच देशाला लागलं, तर तिथला व्हिसा आहे का? नसेल तर बाकीचे उतरून फिरणार आणि आपण रेलिंगला टेकून त्यांना हात करणार. जहाज उशिरा पोचून परतीचं विमान चुकलं, तर ग्रुपमधल्या पंचवीस जणांची नवी तिकिटं कोण काढणार? टूर कंपनी म्हणते, आम्ही फक्त बुकिंग केलं. क्रूझ कंपनी म्हणते, करार वाचा. विमा कंपनी म्हणते, हे त्यात बसत नाही.

तिघंही अतिशय नम्रपणे म्हणतात.

आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा या बाबतीत बरा आहे. एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध दाद मागता येते, आणि तक्रार ग्राहक राहतो तिथे करता येते. ठाणेकराला त्यासाठी मायामीला जायला नको. परदेशी कंपनीकडून वसुली ही वेगळी लढाई. पण ज्याने इथे बसून पैसे घेतले, पावती दिली आणि वर टोपी-बॅगही दिली, त्याला प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

म्हणून पुढच्या वेळी ॲडव्हान्सचा चेक फाडण्याआधी काउंटरवर एवढंच विचारून पाहा: बिघाड झाला आणि बंदर गाळलं, तर किती पैसे परत देणार, आणि ते लेखी देता का?

समोरचा मुलगा आधी मॅनेजरच्या केबिनकडे बघेल. मग तुमच्याकडे बघून गोड हसेल.

“काका, पण जेवण अनलिमिटेड आहे!”